मेटल डिटेक्टर अजून खोल का जात नाही, आणि कंपन्यांकडे मागायचं तरी काय

इंदूरला मेटल डिटेक्टर म्हटलं की लोकांना मॉलच्या दारातली चौकट आठवते, नाहीतर गार्डच्या हातातलं ते काळं दांडकं जे प्रत्येकाच्या बेल्टच्या बकलवर पीं करतं. काठीच्या टोकाला गोल तबकडी लावून, कानात हेडफोन घालून शेतात फिरणारा माणूस दिसला तर लोक थांबून बघतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, 'भिया, कितने फुट जाती है?' दुसरा, सोनं दाखवतं का. गंमत म्हणजे जे लोक हौसेने हे यंत्र वापरतात, हरवलेल्या अंगठ्या शोधून देतात, शेतात पडलेले कल्टीव्हेटरचे तुकडे काढून देतात, ते पण कंपन्यांकडे हेच मागत असतात. जास्त खोल, अजून खोल. दर एक-दोन वर्षांनी नवं मॉडेल येतं, खोक्यावर लिहिलेलं असतं की आधीपेक्षा खोल जातं, पैसे जास्त मोजायचे, आणि शेतात गेलं की नाणं सापडतं ते त्याच वीतभर खोलीवर. मग 'कंपन्या झोपल्यात' पासून 'चांगली टेक्नॉलॉजी मुद्दाम दाबून ठेवलीय' पर्यंत सगळं बोलून होतं.

चिडचिड रास्त आहे असं मला वाटतं, फक्त ती चुकीच्या ठिकाणी निघतेय. खोली वाढत नाही याचं कारण बऱ्यापैकी निसर्गाचं आहे, आणि कंपन्या जिथे खरंच खूप काही करू शकतात तिथे कोणी त्यांना धरतच नाही.

आधी हे चालतं कसं ते बघू. त्या तबकडीत, म्हणजे कॉइलमध्ये, तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट सोडतात, त्यामुळे खाली जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातूचा तुकडा आला की त्याच्या आत गोल गोल फिरणारे बारीक करंट सुरू होतात आणि ते आपलं स्वतःचं एक इवलंसं चुंबकीय क्षेत्र उभं करतात. दुसरं वेटोळं फक्त हे उत्तर ऐकायला बसवलेलं असतं. आता हे उत्तर प्रत्येक तुकडा सारख्या वेळेत देत नाही. चांदीच्या जाड नाण्यात करंट एकदा सुरू झाला की रेंगाळतो, म्हणून उत्तर उशिरा येतं. गोळ्यांच्या पाकिटाची पातळ पन्नी असली की करंट लगेच विझतो. हा जो उशीर आहे तो मोजून यंत्र स्क्रीनवर एक नंबर दाखवतं. सोन्याची बारीक अंगठी आणि कोल्डड्रिंकच्या कॅनची उघडायची रिंग यांचा नंबर पुष्कळदा जवळपास एकच येतो, कारण यंत्राला सोनं वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त करंट किती सहज वाहतो आणि तुकड्याचा आकार-जाडी केवढी याची मिळून एक खिचडी कळते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सोनं दाखवतं, पण सोनं म्हणून दाखवत नाही.

हे तत्त्व नवीन अजिबात नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे अडकलीय ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच दोन वेटोळ्यांचं यंत्र घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले होते. गोळी सापडली नाही. गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्राला गोंधळवलं, आणि डॉक्टरांनी त्यांना शोधू दिलं ते एकाच बाजूला, गोळी होती दुसऱ्या बाजूला. आज शेतात जी रड आहे ती जवळजवळ तीच आहे, आजूबाजूचं लोखंड हवं ते उत्तर झाकून टाकतं.

आता खोली. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतं, वस्तू कॉइलच्या रुंदीच्या मानाने बरीच लांब असेल तर अंतराच्या घनाने. म्हणजे अंतर दुप्पट झालं की जोर आठवा हिस्सा उरतो. पण हे फक्त जाताना. नाण्याने दिलेलं उत्तर परत वर येताना पुन्हा तसंच कमी होतं, आठव्याचा आठवा, म्हणजे एकूण ६४ वा हिस्सा. प्रत्यक्षात आपली कॉइल चांगली रुंद असते, समजा ११ इंच म्हणजे २८ सेंटीमीटर, त्यामुळे जवळच्या खोलीला हिशोब थोडा सौम्य होतो, तरी पण २० सेंटीमीटरवरचं नाणं ४० वर नेलं की सिग्नल साधारण २७ पट कमी. आणि कंपनीने यंत्राची ताकद दुप्पट केली, म्हणजे कॉइलमधला करंट दुप्पट केला, तर? २० चे साधारण २३-२४ सेंटीमीटर होतील. तीन-चार सेंटीमीटर, बस. त्यासाठी तारेत होणारा बॅटरीचा खर्च चौपट. कॉइलच मोठी करा म्हणाल तर ती जड होते, हात भरून येतो, छोट्या वस्तू तिला दिसेनाशा होतात आणि ती एकाच वेळी जास्त माती बघते, जे आपल्या भागात सगळ्यात वाईट. म्हणून खोक्यावर 'दीडपट खोल' असं लिहिलेलं दिसलं की मी तरी आधी हा गुणाकार आठवतो.

आपल्या भागाचं बोललो ते मातीमुळे. माळवा बसलाय दक्खनच्या बेसाल्टवर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड, आणि त्या दगडात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडी खनिजाचे कण असतात. दगड झिजून काळी माती झाली तरी कण तिथेच राहतात. विश्वास बसत नसेल तर जुन्या स्पीकरचं मॅग्नेट काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि पाऊस संपल्यावर इंदूरजवळ राऊकडच्या किंवा महूच्या एखाद्या कोरड्या नाल्याच्या वाळूत फिरवा. पिशवीवर काळी बारीक लव उभी राहते, मांजराच्या पाठीवर राहते तशी, आणि पिशवी उलटी करून मॅग्नेट बाजूला घेतलं की ती सगळी पूड खाली पडते. ते सगळं डिटेक्टरला ऐकू येतं. नाण्याचं उत्तर त्याच्यापुढे इतकं लहान असतं की माती गप्प केल्याशिवाय काही कळायचं नाही.

माती गप्प करण्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीपासून दोन बोटं ते गुडघ्याखालपर्यंत अशी वर-खाली पंप करायची, आवाज हळूहळू सपाट होतो, यंत्राने मातीचं उत्तर ओळखून ते वजा करायला सुरुवात केलेली असते. सपाट एकसारख्या शेतात हे छान चालतं. पण बांधाजवळ मुरूम वर आलाय, पुढे कधीकाळी झोपडी होती आणि चूल पेटायची, तिथली भाजलेली माती जास्तच चुंबकीय झालेली, मध्येच विटांचे तुकडे, आणि मुठीएवढे काळे दगड जे एकटेच धातूसारखे ओरडतात. दर चार पावलांवर हिशोब बदलतो. मग यंत्र किरकिरायला लागतं, माणूस वैतागून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा बारीक ऐकण्याचा जोर, कमी करतो, आणि जी काही खोली विकत घेतली होती ती तिथेच गेली.

याच्याहून वाईट एक गोष्ट होते जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. अशा मातीत वस्तू जसजशी खोल जाते तसतसा तिचा नंबर घसरत लोखंडाच्या बाजूला सरकतो, कारण तिच्या क्षीण उत्तरात मातीचं उत्तर मिसळतं. आणि आपण तर लोखंड बंद करून, म्हणजे लोखंडाच्या नंबरला वाजू नको असं यंत्राला सांगून, फिरत असतो, खिळे कोण खणत बसेल. म्हणजे होतं काय, की तांब्याच्या वस्तूचा सिग्नल कॉइलपर्यंत पोचला, यंत्राने तो ऐकला, आणि 'हे लोखंड' म्हणून फेकून दिला. ही खोली तुमच्याकडे आधीपासून होती! फक्त ओळखता आलं नाही. माझा सगळा मुद्दा इथे आहे. इंदूरच्या सराफ्यात, जिथे रात्री खाण्याच्या गाड्या लागतात, अकरा वाजता गर्दीत कोणीतरी आपलं नाव घेतलं तर मोठे कान लावून उपयोग नसतो, त्या कलकलाटातून नाव वेगळं काढता यायला हवं, आणि ते वेगळं काढायचं काम आता तारेचं कमी आणि सॉफ्टवेअरचं जास्त झालंय.

कंपन्यांनी काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणं हा खरा मोठा बदल; फ्रिक्वेन्सी म्हणजे करंट सेकंदाला किती वेळा मागे-पुढे होतो ते. कमी फ्रिक्वेन्सी, समजा ५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाच हजार वेळा, मोठ्या चांदीला बरी, ४० च्या आसपासची बारीक सोन्याला बरी, आणि दोन्ही एकदम सोडल्या तर मातीचं उत्तर आणि धातूचं उत्तर जास्त नीट सुटं होतं, कारण दोन्ही फ्रिक्वेन्सीला माती जशी वागते तसा धातू वागत नाही. याची सुरुवात पण जुनी आहे, अमेरिकेच्या फिशर कंपनीची सीझेड मालिका १९९१ च्या सुमाराला ५ आणि १५ किलोहर्ट्झ एकत्र वापरत होती, ऑस्ट्रेलियाच्या मिनलॅबनेही त्याच काळात आपली पद्धत आणली. नंतर १७ फ्रिक्वेन्सी, २८ फ्रिक्वेन्सी असे आकडे जाहिरातीत आले आणि हौशी लोकांनी ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं उपकरण, लावून भांडायला सुरुवात केली की यातल्या नक्की किती यंत्र खरंच वापरतं. फ्रान्सच्या एक्सपीने ड्यूस आणलं, त्यात कॉइल आणि स्क्रीनच्या डब्याच्या मधली वायरच गायब, वजन एक किलोच्या आत, आणि एका सिग्नलनंतर दुसऱ्यासाठी यंत्र इतक्या पटकन मोकळं होतं की खिळ्याला खेटून पडलेलं नाणं पण कळतं. मग २०१८ मध्ये मिनलॅबचं इक्विनॉक्स आलं, कंपनीच्या आधीच्या सगळ्यात महाग नाण्यांच्या मशीनच्या निम्म्याहून कमी किमतीत, अनेक फ्रिक्वेन्सीवालं आणि पाण्यात बुडवता येणारं. तिथून बाजार हलला. गॅरेट, तुर्कस्तानची नोक्ता, परत एक्सपी, सगळ्यांनी चार वर्षांत आपापलं अनेक फ्रिक्वेन्सीचं मॉडेल आणलं. म्हणजे पंचवीसेक वर्षं जे फक्त महागड्या मशीनमध्ये मिळत होतं ते स्वस्त झालं ते स्पर्धेमुळे. टेक्नॉलॉजी दाबून ठेवण्याच्या गोष्टीत एवढंच तथ्य मला दिसतं, की शेजारच्याने भाव पाडेपर्यंत कोणी घाई करत नाही.

घाई का नाही, याचं साधं कारण पैसा दुसरीकडे आहे. मिनलॅबची मालक कोडान ही कंपनी आहे, तिने २००८ साली ती घेतली, आणि तिची मोठी कमाई आफ्रिकेत सोनं शोधणाऱ्यांना मशीन विकून झाली, सुदानसारख्या देशात साधी माणसं हातात डिटेक्टर घेऊन सोन्यामागे लागली होती. तसलं सोनं शोधायला लागतं ते पल्स इंडक्शनचं यंत्र, जे करंटचा झटका देऊन थांबतं आणि मग शांततेत उत्तर ऐकतं, लोखंडी खनिजं जास्त असलेल्या मातीत ते फार चांगलं चालतं पण लोखंड कुठलं आणि बाकी काय हे त्याला धड सांगता येत नाही. सोनं शोधणाऱ्याला चालतं, तो सगळं खणतो. दुसरा पैसा सुरुंग शोधण्यात आणि सिक्युरिटीत. उरला हौशी माणूस, तो तीन-चार वर्षांतून एकदा मशीन घेतो आणि त्यातही घासाघीस करतो. अमेरिकेतली व्हाइट्स ही जुनी नावाजलेली कंपनी २०२० मध्ये बंदच झाली, तिचं डिझाइन वगैरे गॅरेटने घेतलं. एवढ्या लहान बाजारात कोण दहा वर्षांच्या संशोधनावर पैसे लावेल, हे मालकाच्या खुर्चीत बसून बघितलं तर समजतं.

तरी पण काही गोष्टी अशा आहेत की ज्याला मोठं संशोधन लागत नाही, फक्त मनात आणायला हवं. सगळ्यात पहिली मागणी माझी: कच्चा सिग्नल द्या. आतला चिमुकला प्रोसेसर सेकंदाला हजारो मोजमापं घेतो, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वस्तू कशी वागली ते त्याच्याकडे सगळं असतं, आणि शेवटी तो आपल्या हातावर टेकवतो एक दोन आकडी नंबर. बाकी सगळं हवेत. ते ब्लूटूथने मोबाइलवर टाका ना, जीपीएससकट. आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त ताकद आहे. माळव्यातल्या चार लोकांनी एकेक सीझन काळ्या मातीतले सिग्नल साठवले, प्रत्येकापुढे काय निघालं ते लिहिलं, तर या मातीसाठी ओळख सुधारायचं काम कंपनीऐवजी इथलीच इंजिनिअरिंगची पोरं करतील. ज्यांनी घरी बसून आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या स्वस्त बोर्डवर, पल्स इंडक्शनचं सर्किट जमवलंय त्यांना हे अवघड नाही. पण कंपन्या ती दारं बंद ठेवतात, आणि काही तर कॉइलमध्ये पण चिप घालतात म्हणजे दुसऱ्याची कॉइल लागूच नये.

दुसरं, नाणी. बऱ्याच स्वस्त मशीनच्या स्क्रीनवर अजून अमेरिकन सेंटचे आकडे छापलेले असतात, ५, १०, २५. आपल्याकडे १९९२ पासून एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणून तर ओंकारेश्वरला पोरं दोरीला मॅग्नेट बांधून नर्मदेतून भाविकांनी टाकलेली नाणी काढतात. डिटेक्टरवर असल्या चपट्या लोखंडी गोष्टींचा नंबर बाटलीच्या बुचासारखा उड्या मारतो. एकदा वस्तू कॉइलखाली धरून 'हे असं ओळख' असं यंत्राला शिकवता आलं पाहिजे, प्रत्येक देशाची नाणी कंपनीने कशाला पाठ करायची.

तिसरं रिपेअर. आमच्या ओळखीतल्या एकांचं मशीन चार्जिंगच्या पिनमुळे बंद पडलं, बॅटरी आत चिकटवलेली, उघडलं तर वॉटरप्रूफ सील जातं, परदेशात पाठवायचं तर जाण्या-येण्याचा खर्च आणि वर कस्टमची कटकट. पिन पाचपन्नास रुपयांची असेल. आधीच्या मशीनमध्ये साधे पेन्सिल सेल पडायचे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळायचे. इनोव्हेशन म्हणून हे परत आणलं तरी मी टाळ्या वाजवीन.

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, खोलीचा दावा करताना माती कुठली ते सांगा. जाहिरातीतली खोली पुष्कळदा हवेतली असते, मशीन टेबलावर ठेवून समोरून नाणं फिरवायचं आणि किती लांबून वाजलं ते मोजायचं. हवेत मॅग्नेटाइट नसतं. सुरुंग काढणाऱ्या लोकांनी हा गोंधळ कधीच सोडवला, युरोपात २००३ साली सीडब्ल्यूए १४७४७ नावाचं एक ठरलेलं चाचणीपत्रक झालं, त्यात डिटेक्टर हवेत पण तपासायचा आणि मातीत पण. तिथे मशीनने थाप मारली तर माणसाचा पाय जातो म्हणून झालं असेल. हौशी बाजारात असं पत्रक लावायला कुठली कंपनी पुढे येईल असं वाटत नाही, कारण बऱ्याच मशीनचे आकडे काळ्या मातीत लाजिरवाणे दिसतील, पण मागायला काय जातं.

एक मागणी मात्र मी सोडून द्यायला सांगीन, ती म्हणजे स्क्रीनवर वस्तूचं चित्र दिसावं ही. चुंबकीय क्षेत्र पसरट असतं, वीतभर खालून त्याच्यातून नाण्याचा ठसा उमटायचा नाही, अस्पष्ट डागच येणार. रडारवाल्या यंत्राने चित्रासारखं काहीतरी मिळतं, अमेरिकन लष्कराच्या पीएसएस-१४ या सुरुंग शोधायच्या यंत्रामध्ये मेटल डिटेक्टर आणि रडार दोन्ही एकत्र आहेत, पण ओली चिकणमाती रडारच्या लहरी पिऊन टाकते आणि आपली काळी माती म्हणजे नुसती चिकणमाती. राजस्थानच्या वाळूत जे चालेल ते इथे चालेलच असं नाही.

आणि ते 'शंभर मीटरवरून सोनं दाखवणारं' अँटेनाचं यंत्र जे कोणी ना कोणी दर वर्षी विकायला येतं, त्याला तर दारातूनच नमस्कार करा. गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे पूर्वी पायाळू माणसाला शोधत फिरायचे, त्याला डोळ्यांत अंजन घालून जमिनीखालचं दिसतं म्हणे, हे त्याचंच बॅटरीवालं रूप. ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकने एडीई ६५१ नावाची असलीच हलणारी दांडी बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकला विकली, आत कामाचं काहीच नव्हतं, २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गुणाकार वर दिलाय, शंभर मीटरसाठी स्वतःच करून बघा.

जाता जाता कायद्याचं, कारण लोक विसरतात. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरली जाते. मांडू किंवा कुठल्याही संरक्षित वास्तूच्या आसपास मशीन घेऊन जाऊच नका. आपलं शेत, मालकाला विचारून दुसऱ्याचं शेत, कोणाची हरवलेली अंगठी, जमिनीतला पाइप, हे क्षेत्र पुरेसं आहे.

आणि आत्ता मशीन घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला व्हिडिओ दाखवू देऊ नका. सोयाबीन निघालेल्या शेतात त्याला घेऊन जा, जुनं जाड पाच रुपयांचं नाणं २० सेंटीमीटरवर पुरा, अर्ध्या हातावर एक खिळा टाका, लोखंड बंद करायला लावा आणि कॉइल स्वतः फिरवा. नाणं ऐकू आलं का, नंबर तीनदा तोच आला का, आणि खिळ्याच्या बाजूने गेल्यावर काय झालं, एवढं बघून भाव करा.